बहिऱ्यांच्या शाळेतली घंटा

बहिऱ्यांच्या शाळेत घंटा कशाला, हा प्रश्न कुणालाही पडेल. शाळा काढणाऱ्यांना तेवढा तो पडला नाही. शाळा म्हटली की घंटा आलीच, म्हणून त्यांनी चांगली जाडजूड पितळी घंटा आणून व्हरांड्याच्या टोकाला टांगली, आणि ती वाजवायला पुढे जो शिपाई ठेवला तोही ठार बहिरा. त्याने घड्याळ बघून दोरी ओढायची, ती ऐकून शिक्षकांनी पुस्तक मिटायचं आणि पुस्तक मिटलेलं बघून मुलांनी बाहेर पळायचं. हा द्राविडी प्राणायाम वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला होता.

या शिपायाचं नाव होतं खिसे. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं, पण ते कागदावरच राहिलं. बहिऱ्या माणसाला नाव बहिऱ्यांनीच द्यायचं, अशी त्यांच्यातली रीत. कुणाचं नाव गालावरच्या खळीवरून पडतं, कुणाचं तुटलेल्या दातावरून. याच्यासाठी दोन्ही मुठी कमरेशी नेऊन खाली खुपसायच्या की झालं. हे नाव त्याला याच शाळेच्या वसतिगृहात मिळालं, तो जेमतेम सहा वर्षांचा असताना.

तेव्हा शाळेत हातांनी बोलायला बंदी होती. कुठल्याशा लांबच्या देशात, कधीकाळी, विद्वानांची एक परिषद भरली होती. बहिऱ्यांनी हात आवरावेत आणि तोंडाने बोलावं, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्या परिषदेत बहिरे औषधापुरतेच. ठराव तिकडे झाला आणि पट्टी बसली इकडच्या बोटांवर. वर्गात मुलांनी हात मांडीखाली घेऊन बसायचं. हात हलला की पट्टीची कड. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते अगदी शब्दशः. बाकीची मुलं हातांवर बसत. हा मात्र ते खिशात घालायचा आणि आतल्या आत बोटं हलवून स्वतःशी बोलायचा. ती सवय जन्माची लागली. पुढे बायको त्याच्या पँटच्या खिशांकडे बघूनच विचारायची, "काय पुटपुटताय?"

वाचा शिकवायला एक तरुण मास्तर होते. माणूस वाईट नव्हता, आणि हीच खरी पंचाईत होती. वाईट माणसाचा राग करून मोकळं होता येतं. मास्तर तळमळीचे. मुलाच्या ओठांपुढे कागदाची पट्टी धरायचे, ती फडफडली की 'प' आला. मुलाचा तळहात स्वतःच्या गळ्यावर ठेवून तासन्‌तास तोच स्वर काढायचे. खिसेकडून त्यांनी एक पूर्ण वाक्य घोटून घेतलं : मला ऐकू येत नाही. एवढं एक वाक्य आलं की जगात कुठे अडायचं नाही, असा त्यांचा हिशेब. एकेका अक्षराला ते मान हलवत, स्वतःचे ओठ त्याच्याबरोबर हलवत. बक्षीस समारंभात त्याने ते पाहुण्यांपुढे म्हणून दाखवलं. टाळ्या पडल्या. मास्तरांनी डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी तो शाळेसमोरच्या दुकानात पेन्सिल आणायला गेला आणि दुकानदाराला तेच वाक्य म्हणाला. दुकानदार फिस्सकन हसला. शेजारी उभ्या बाईने आपलं पोर हाताला धरून मागे ओढलं. आपला आवाज कसा आहे ते त्याला त्या दोन चेहऱ्यांवरून कळलं. मग त्याने तोंडाला जे कुलूप घातलं ते घातलं.

भाषा तो शिकला न्हाणीघरामागच्या बोळात. तिथे मोठी मुलं धाकट्यांना हातोहात सगळं द्यायची : विनोद, शिव्या, शिक्षकांच्या नकला. त्याच बोळात त्याला पुढची बायकोही भेटली. ती शिवणकामात तरबेज आणि बोलण्यात कात्रीपेक्षा धारदार. शिक्षण संपल्यावर तो शाळेतच शिपाई लागला. मागच्या अंगणातल्या दोन खोल्यांत त्यांनी संसार मांडला, आणि त्यांना मुलगी झाली, बहिरी. डॉक्टर ते सांगायला मयताला आल्यासारखा चेहरा करून आला. नातेवाइकांनी डोळ्यांना पदर लावले. या दोघांना मात्र हसू आवरेना. आपली पोर आपल्याशी बोलणार, यात रडायचं काय?

आणि पोर बोललीच. चालायच्या आधी तिचे हात चुरूचुरू बोलू लागले. शाळेत आली तेव्हा बाकीच्या मुलांना आई हा शब्द शिकवत होते, आणि ही वर्गातल्या शिक्षकांच्या चुका काढत होती. काळही बदलत होता. पट्टी गेली. दर रविवारी टीव्हीवर हातांनी बातम्या सांगणारी बाई दिसू लागली. ती बघायला गावभरचे बहिरे त्या दोन खोल्यांत कोंबून बसत. मग कायदा झाला आणि हातांच्या भाषेला भाषा म्हटलं गेलं. शाळेच्या पाटीवर 'मूकबधिर' होतं. त्यातला 'मूक' एका सकाळी खिसेनेच शिडीवर चढून, रंगाचे तीन हात देऊन पुसला. मुलगी शिकली, गणित शिकवायला त्याच शाळेत लागली. आता मुख्याध्यापक निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी तिचाच हक्क होता, आणि शिक्षकांपासून पालकांपर्यंत सगळे तेच म्हणत होते. आजवर त्या खुर्चीत बहिरं माणूस कधी बसलं नव्हतं.

पण संस्थेचे अध्यक्ष आता कोण, तर तेच मास्तर. म्हातारे झाले होते, तळमळ तेवढीच शिल्लक होती. हातांची एक खूण ते आयुष्यात शिकले नव्हते, आणि तेही तत्त्व म्हणून. ते म्हणाले, "मुलगी हुशार आहे, नाही कोण म्हणतंय? पण मुख्याध्यापकाच्या टेबलावर टेलिफोन असतो. तो कोण घेणार?"

हे कळल्यापासून खिसेचा पाय घरात ठरेना. दोन खोल्यांत फिरून फिरून किती फिरणार? तो दारापर्यंत जायचा, परत यायचा, खिशातल्या खिशात अध्यक्षांशी भांडायचा.

"बाहेर काढा ते हात," बायको म्हणाली. "जे काय बोलायचंय ते त्यांच्या तोंडावर बोला. जन्मभर गिळलंत."

मुलीने उलटं सांगितलं. "बाबा, तुम्ही यात पडू नका. उद्या म्हणतील बापाने दंगा करून पोरीला खुर्ची दिली. मला ती माझ्या जिवावर हवी आहे. शब्द द्या."

त्याने शब्द दिला. मग त्याला आणखीच अस्वस्थ वाटू लागलं.

अध्यक्षांनी सगळ्यांना मैदानात बोलावलं. मुलं रांगेत, पालक मागे, व्यासपीठावर ध्वनिक्षेपक. मुख्याध्यापकाच्या खुर्चीसाठी कापड गिरणीच्या कचेरीतून आणलेले एक नवे साहेब त्यांच्या शेजारी उभे होते. खुणांचं विचारलं तर हसून म्हणाले, "हळूहळू शिकून घेईन." दुभाषी बाईने ते हातांनी सांगितलं मात्र, पुढच्या रांगेतल्या मुलांनी डोळे मिटले. मग त्यांच्या मागच्यांनी. बघता बघता सगळं मैदान डोळे मिटून उभं राहिलं. ऐकणाऱ्याला न ऐकायचं तर कानांत बोटं घालावी लागतात. बहिऱ्याचं काम पापण्यांवर भागतं. दुभाषी बाईचे हात हवेत तसेच राहिले. मुलं पाय मात्र आपटत होती. त्याचे दणके खिसेला तळपायांतून पोटापर्यंत जाणवत होते.

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. अशा वेळी जुना शिक्षक काय करतो? गडबड झाली की घंटा! त्यांनी खिसेकडे वळून हाताने दोरी ओढल्याची खूण केली. आयुष्यातली त्यांची ती पहिली खूण, आणि ती अगदी अचूक जमली.

खिसेने मुलीकडे बघितलं. तिने मान हलवली, नको. पण अध्यक्षांचा हुकूम म्हणजे हुकूम, आणि घंटा वाजवणं हे तर त्याचं कामच. त्याने खिशातून हात काढले, मैदानाकडे पाठ केली आणि दोरी ओढली. रोज ओढायचा तेवढी ओढून झाली. त्याचा हात थांबला नाही. पट्टी आठवली, पेन्सिलचं दुकान आठवलं, आणि ते आठवलं की तो आणखी जोराने ओढत गेला. घंटेचा ठोका त्याच्या कोपरात आणि दातांत लागत होता.

अध्यक्ष ओरडू लागले, "थांब! अरे थांब!" इतर विश्वस्त ओरडले. त्याच्या पाठीमागून. बहिऱ्याला हाक मारायची तर समोर यावं किंवा खांद्याला हात लावावा, हे शाळेतलं शेंबडं पोर जाणतं. यांना एवढ्या वर्षांत ते कुणी शिकवलं नव्हतं.

मागे काय चाललंय ते त्याला नंतर बायकोने सांगितलं, नकलांसकट. पालक कान दाबून बसले. अध्यक्षांचं तोंड नुसतं उघडत-मिटत होतं, शेजारच्यालाही अक्षर कळत नव्हतं. आणि मुलांनी डोळे उघडले. त्यांचं काय अडलं होतं? ती आपली मजेत बोलत होती. मुलगी व्यासपीठाच्या पायरीवर चढली आणि तिने सगळ्यांना शांत केलं. पळवाट नको, गोंधळ नको, म्हणाली. काय हवं ते एकेकाने पुढे येऊन सांगा. एकेक मूल सांगत होतं आणि त्या गदारोळात सगळ्यांना सगळं समजत होतं.

शेवटी नवे साहेब खाली उतरले. ते खिसेच्या समोर येऊन उभे राहिले, त्याच्या खांद्याला हात लावला, स्वतःकडे बोट दाखवलं आणि मग फाटकाकडे. नमस्कार करून ते निघून गेले, ते पुन्हा आले नाहीत. माणूस गिरणीतला होता; कानठळ्या बसणाऱ्या जागी कसं बोलायचं ते त्याला ठाऊक असणार.

दुसऱ्या दिवशी खिसेचा उजवा हात खांद्यापासून सुजला. बायकोने तो गळ्यात बांधून दिला. "जन्मात एकदा ओरडलात," ती म्हणाली, "तर घसा बसावा तसा हात बसला!"

हसू फार टिकलं नाही. विश्वस्त मुलीला खुर्ची द्यायला तयार झाले होते, पण अध्यक्षांनी चौकशी लावली. हा कट कुणाचा? मुलीने बापाला पढवलं असेल तर तिला खुर्ची नाही आणि त्याला नोकरी नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, खरं ते सांगा." खरं! खरं सांगायला एक हात पुरणार होता का? आणि दुभाष्याने त्यातला एखादा शब्द इकडचा तिकडे केला तर? पोरीचं आयुष्य आपल्या तोंडी आलंय, या विचाराने त्याला अन्न गोड लागेना. डावा हात खिशात सारखा वळवळत होता.

चौकशीच्या खोलीत दुभाषी बाईला अध्यक्षांनी दारातच अडवलं. "गरज नाही. हा माझा विद्यार्थी आहे. मी याला बोलायला शिकवलंय." मुलगी दाराच्या काचेपलीकडे उभी राहिली. आत टेबलापलीकडे पाच विश्वस्त, मध्ये अध्यक्ष. त्यांनी ओठ रुंद करून, शब्द तोडून विचारलं, "आम्ही सगळे थांब म्हणत होतो. तू का थांबला नाहीस? कुणी सांगितलं होतं?"

खिसेने त्यांचे ओठ वाचले. याच ओठांकडे बघत त्याचं लहानपण गेलं होतं. त्याने डावा हात खिशातून काढला, आपल्याच गळ्यावर ठेवला आणि त्या दुकानानंतर पहिल्यांदा आवाज काढला.

"म-ला ऐ-कू ये-त ना-ही."

अध्यक्ष जुन्या सवयीने एकेका अक्षराला मान हलवत होते. त्यांचे ओठही त्याच्याबरोबर हलत होते. वाक्य संपलं आणि त्यांची मान मधेच थांबली. एका विश्वस्ताने हसू दाबायला रुमाल तोंडाला लावला, दुसऱ्याला तेवढंही जमलं नाही. मग म्हाताऱ्या अध्यक्षांचे डोळे भरून आले, बक्षीस समारंभाच्या दिवशी आले होते तसेच. त्यांनी मुलीच्या नेमणुकीचा कागद पुढे ओढला आणि सही केली.

बाहेर मुलीने त्याला व्हरांड्यातच गाठलं. "बाबा, तुमचे ओठ हलले! तुम्ही बोललात? काय बोललात?"

त्याने एका हाताने सांगितलं. ती हसता हसता खालीच बसली, आणि मग रडली, आणि मग डोळे पुसून तिने विचारलं, "आवाज कसा होता?"

"मला काय ठाऊक?" खिसे म्हणाला. "मास्तरांना विचार."