ड्राय म्हंजे काय वं?

फॉर्मवर सही करायला हिराकाकींनी पेनाचं टोपण काढलं, चष्मा नाकावर बसवला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. "मद्य म्हंजे काय वं, पोरी?"

"काही नाही काकी, सरकारी भाषा आहे," मी म्हणाले.

असं बिनदिक्कत उत्तर देणारी ती बाई मीच. तेव्हा वय अडतीस. तीन महिन्यांपूर्वी नाशिकच्या एका वाइनरीत सेल्सला लागलेली. कंपनीचं तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं होतं आणि आपल्याला आता सगळं कळतं, अशी माझी ठाम समजूत झाली होती. जन्म लोणखेड्याचा, घरची भाषा अहिराणी. पण गिऱ्हाइकासमोर मी फक्त पुस्तकी मराठी आणि इंग्रजी बोलायचे. ग्लास तर अशा ऐटीत फिरवायचे की निम्मी वाइन साडीवर. आता नातवंडांना तसं करून दाखवते, तेव्हा ती हसून लोळतात.

हिराकाकी माझ्या आईच्या ओळखीच्या. तापीकाठचं मोठं गुजर घर, केळी आणि उसाची शेती. नातीचं लग्न ठरलं होतं, आणि मी "ड्रिंक" विकते एवढं कानावर गेल्यावर त्यांनी आपणहून बोलावलं होतं.

"याही सुरतना शेत," त्या म्हणाल्या होत्या. "तठे बठं ड्रायच चालस. तुन्हाकडे ड्राय शे का?"

व्याही सुरतेचे आणि फक्त ड्रायच पितात! मी मनात म्हटलं, काय रसिक माणसं! आणि लगेच ट्रेनिंगचा पाढा सुरू केला. "काकी, आमची हंड्रेड पर्सेंट ड्राय. आत काही उरतच नाही."

"काहीच नही?"

"कणभरसुद्धा नाही."

काकी खूश. मी त्याहून खूश.

आता हे ड्राय प्रकरण तुम्हाला सांगते. द्राक्षाच्या रसात यीस्ट असतं. ते रसातली साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. साखर खाऊन संपली की ती वाइन ड्राय. म्हणजे मी जे "उरत नाही" म्हणत होते, ती साखर. हे मी काकींना सांगितलं का? नाही. एवढं साधं बोलायला मी काय अडाणी होते?

ऑर्डर तीस पेट्यांची. माल शहाद्याच्या लायसन्सवाल्या दुकानातून जाणार. पण समारंभात द्यायचा तर एक्साइजचं, म्हणजे दारूवर लक्ष ठेवणाऱ्या खात्याचं, एका दिवसाचं परमिट लागतं. त्या फॉर्मवर यजमानाची सही हवी. ती झाली की माझं टार्गेट पूर्ण आणि नोकरी कन्फर्म. नाहीतर साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं, "मॅडम, मग आपल्याला विचार करावा लागेल."

काकींनी पेन कागदावर टेकवलं आणि सहज म्हणाल्या, "देख, नातजवाईना बापले दारूना वास बी चालत नही. मांगे एक सोयरीक त्यासनी ह्यावरूनच मोडी. म्हनीसनच तं मी ड्राय मांगी."

माझ्या हातातलं ब्रोशर खाली पडलं.

गुजरातेत दारूबंदी. दारूबंदी म्हणजे ड्राय स्टेट. आपल्याकडेही दुकान बंद असलं की ड्राय डे. म्हणजे काकींच्या हिशेबात ड्राय वाइन म्हणजे दारू नसलेली वाइन! आणि मी, कंपनीची हुशार मॅडम, "कणभरसुद्धा नाही" म्हणून छातीवर हात ठेवून बसले होते.

नेमका तेव्हाच फोन वाजला. साहेब.

"मॅडम, सही झाली का?"

"होतेय सर."

"होतेय म्हणजे? झाली की नाही?"

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. मद्य हा शब्द काकींना कळला नव्हता. पेन कागदावर होतं. पुढचं पुढे बघू, असंही मनात आलं. तेवढ्यात ती नात चहा घेऊन आली. हातावर मेंदीचं डिझाइन पेनानं काढून बघितलेलं. कोणतं शोभेल, मावशी, असं मलाच विचारायला लागली.

मी फोन ठेवला आणि म्हणाले, "काकी, सही करू नका. हाई दारू शे."

तीन महिन्यांत गिऱ्हाइकाशी अहिराणीत बोललेलं माझं हे पहिलं वाक्य.

काकींनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "मंग इतला दिवस ड्राय, ड्राय काय करी ऱ्हायंती?"

"ड्राय म्हंजे गोड नही, काकी. दारू शे, पन गोड नही."

"मंग तसं सांगानं ना, भवाने!" आणि पदर तोंडाला लावून त्या अशा हसल्या की नातीच्या हातातला चहा हिंदकळला.

ऑर्डर हातची गेली. लग्नात व्याह्यांनी कैरीचं पन्हं मागून मागून प्यायलं. माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं आणि साहेब आठवडाभर माझ्याशी फक्त ईमेलवर बोलले. पुढे त्याच कंपनीत मी रिजनल मॅनेजर झाले. नवीन पोरांना ट्रेनिंग देताना पहिल्या दिवशी ग्लासला हात लावू द्यायचे नाही. आधी सांगायचे, ड्राय म्हणजे काय ते तुमच्या आजीला कळेल असं सांगा. निम्मी पोरं तिथंच अडकायची.

हो, एक राहिलं. त्या दिवशी निघताना सॅम्पलची बाटली मी पिशवीत घालत होते, तर काकी हळूच म्हणाल्या, "ती ऱ्हाऊ दे. गुडघाले चोयाले व्हई." गुडघ्याला चोळायला म्हणे!

लग्नानंतर महिन्याभरानं भेटायला गेले. बाटली रिकामी. मी विचारलं, "गुडघा कसा आहे काकी?"

"तसाच शे." इकडेतिकडे कुणी नाही बघून त्यांनी मला जवळ ओढलं. "पुढला टायमाले दुसरी आन. हाई भलती ड्राय शे."

तो शब्द समजायला मला तीन दिवसांचं ट्रेनिंग लागलं होतं. काकींना एक बाटली पुरली.