पांढऱ्या पायऱ्या

महायुद्धानंतरच्या काळात विलायतेतल्या एका लँकेशायरी गिरणीगावात हॅना ऑग्डेन नगरपालिकेतर्फे बाळंतिणींची चौकशी करत फिरायच्या. तिथल्या बायका रोज सकाळी दारापुढची पायरी दगडाने घासून पांढरीशुभ्र करत. पायरी मळकी दिसली की बाई अंथरुणात आहे असं समजून हॅनाबाई दार वाजवायच्या.

नेली नुकतीच बाळंत झाली होती, पण तिची पायरी तर लखलखत होती, म्हणून त्या पुढे गेल्या. नेली बाळंतज्वराने गेली.

"पायरी मीच घासत होते," शेजारीण मार्था रडत म्हणाली. "मळकी राहिली असती तर गल्लीभर शोभा झाली असती तिची."

"अगं बये, मला सांगायचंस की!"

"सांगितलं असतं तर इस्पितळाची गाडी आली असती ना दारात, सगळ्या गल्लीदेखत!"

तेव्हापासून हॅनाबाई प्रत्येक दार वाजवू लागल्या. "आली नाक खुपसायला!" बायका ऐकू जाईल असं म्हणायच्या. म्हणेनात का!

मग एका हिवाळ्यात हॅनाबाईच तापाने आडव्या झाल्या. सकाळी खालून, त्यांच्याच पायरीवर दगड घासल्याचा आवाज आला. त्या कशाबशा खिडकीशी गेल्या.

"मार्था, ठेव तो दगड! पायरी राहू दे मळकी, आधी डॉक्टरला बोलाव."