कर्नलीणबाईची चौकशी

सुट्टीवर आलेला फौजी आधी आपल्या मायच्या पाया पडायचा आणि मग आमच्या अंगणात हजर व्हायचा. नाही आला तर आमची बाईच त्याच्या दारात जायची. म्हणून सावली तालुक्यातल्या गावांत माझ्या बायकोला सगळे कर्नलीणबाई म्हणत. मी तिचा नवरा, पण रँक शिपायाची. चहा मीच आणायचा.

आमचा पोरगा फौजेत. सत्त्याऐंशी साली त्याची पलटण लंकेत गेली अन् इकडे त्याचं काहीच कळेना. तेव्हापासून बाईची चौकशी सुरू झाली. लढाईचं ती विचारायची नाही.

"गोळी कुठून आली ते तुमचे साहेब सांगतीन. तू सांग बाबू, तिकडं पोटाले काय भेटते?"

"नारळ लयी, काकू."

"भातावर?"

"भातावरबी, भाजीतबी."

"मरो तो नारळ! माह्या पोराले जवसाच्या तेलाबिगर घास उतरत नाई."

आणि मग माझ्याकडे अशी बघायची, जसे लंकेतले नारळ मीच लावले.

बसलेला माणूस खोटं बोलतो, असं तिचं ठाम मत. रोवणीचे दिवस असले की फौज्याला ती सरळ धानाच्या बांधीत उतरवायची. म्हणायची, "हात चिखलात गेला का तोंड खरं बोलते." बंदूकवाले गडी रोप वाकडं लावायचे अन् बाया पोट धरून हसायच्या.

एकदा पोराच्याच पलटणीतला पोंभुर्ण्याचा जवान आला. बांधीत बाई पुढे, तो मागे. नेमका तिच्याच पावलावर पाय ठेवत होता.

"काऊन बे, बाकीचा चिखल चावते का?"

तो हसला. "सवय पडली, काकू. तिकडं पुढच्याचंच पाऊल धरा लागते. बाजूले सुरुंग असते."

"माहा पोरगा पुढी चालते का मांगं?"

"आळीपाळीनं, काकू."

त्या दिवशी बाई सांजेपर्यंत खाली मान घालून रोवत राहिली. बाया म्हणाल्या, कर्नलीणबाईच्या रेडिओचे सेल उतरले.

पुढल्या वर्षी पोरगा हातीपायी धड घरी आला. मला वाटलं, आता याची रात्रभर पेशी. तिनं जेवायला वाढलं, परत वाढलं, अन् एक शब्द विचारला नाही. मी चुलीजवळ जाऊन म्हटलं, "काऊन, तोंडाले कुलूप लागलं का?"

"तुमी चूप राहा जी. त्याले भाजी वाढा."

बाई या उन्हाळ्यात गेली. माती देऊन आलो तेव्हा पोरगा, आता तोही पेन्शनवाला, माझ्याजवळ बसून म्हणाला, "बाबा, मायनं इचारलं असतं तं मी सगळं सांगितलं असतं."

"तिले मालूम होतं," मी म्हटलं. "म्हणूनच नाई इचारलं."