साडेअकराचा ताप

कुमुदताई गेल्याची बातमी आली तेव्हा मी इंडियन ग्रोसरीच्या दुकानात भेंड्या निवडत होते. अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलच्या मराठी ग्रुपवर मेसेज आला, खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही दोन हात जोडले आणि पुन्हा भेंड्यांची टोकं मोडून बघायला लागले... मग लक्षात आलं, की मला सुटल्यासारखं वाटतंय. त्याची लाज अजून गेलेली नाही. आज तीन आठवडे झाले, म्हणून लिहायला बसले आहे.

माझ्या मुलीच्या, ईशाच्या, प्राथमिक शाळेत कुमुदताई हेल्थ रूम सांभाळायच्या. मूळच्या साताऱ्याच्या, इथे येऊन तीस वर्षं झालेली. निळी पँट, गळ्यात ओळखपत्र आणि बोलणं मात्र अस्सल सातारी, रोखठोक. खरचटलेले गुडघे, पोटदुखी, उवा, सगळं त्यांच्याकडे जायचं. पण त्यांची खरी लढाई साथींशी होती. एखाद्या वर्गात दोन मुलं खोकली की तिथली टेबलं त्या स्वतः पुसून यायच्या. नियम एकच: औषधाशिवाय ताप उतरून चोवीस तास झाल्याखेरीज मूल शाळेत आणायचं नाही. एकदा दांडियाच्या कार्यक्रमात मी विचारलं, "कुमुदताई, चोवीस म्हणजे अगदी चोवीसच का हो?" तर म्हणाल्या, "नाही गं, तुझ्यासाठी तेवीस. उरलेल्या तासाचं मी विषाणूला समजावून सांगते."

आम्ही आयांनी त्या नियमाला पळवाट काढली होती. सकाळी सातला तापाच्या औषधाचा डोस द्यायचा, साडेअकरापर्यंत पोर टुणटुणीत. तोवर मीटिंगा उरकायच्या आणि शाळेचा फोन आला की म्हणायचं, "अगंबाई, सकाळी तर ठणठणीत होती!" ही युक्ती आम्ही एकमेकींना लोणच्याच्या कृतीसारखी सांगायचो. शिवाय हेल्थ रूममध्ये आपलंच माणूस. आपलं माणूस म्हणजे कानाडोळा करणारं माणूस, अशी आमची ठाम समजूत होती.

ईशा दुसरीत होती तेव्हा तिच्या वर्गात किडनीचं ट्रान्सप्लांट झालेली एक मुलगी होती. कुणाचंही नाव न घेता कुमुदताईंनी सगळ्या पालकांना पत्र पाठवलं होतं, की वर्गात एका मुलाची प्रतिकारशक्ती कमी आहे, कृपा करून सांभाळा. ते कुणाबद्दल आहे हे सगळ्यांना माहीत होतं. मी ते पत्र वाचलं होतं, वाचलं नव्हतं म्हणायचीही मला सोय नाही.

त्या फेब्रुवारीत माझा नवरा व्हिसाचा शिक्का घ्यायला भारतात गेला होता आणि तिथेच अडकला होता. माझ्या टीममधून दोघांना काढलं होतं, आणि त्या सकाळी माझा डेमो होता. ईशाचं अंग गरम लागलं. मी डोस दिला आणि तिला बसमध्ये बसवलं. दहा वाजता डोकं दुखतंय म्हणून ती हेल्थ रूममध्ये गेली. थर्मामीटरवर ताप दिसेना, तेव्हा कुमुदताईंनी तिला वर्गात परत पाठवलं. साडेअकराला ताप एकशे दोन. मी पोचले तेव्हा ईशा कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"सकाळी औषध दिलं होतंस?" कुमुदताईंनी विचारलं.

"नाही. सकाळी एकदम फाइन होती ती."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कॉटकडे. "बरं," म्हणाल्या. "घरी ने. पाणी पाज भरपूर."

आठवड्याभरात निम्मा वर्ग आडवा झाला. ट्रान्सप्लांट झालेली ती मुलगी अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होती. बरी झाली, पण ते अकरा दिवस तिच्या आईने कसे काढले, हे विचारायलासुद्धा मी गेले नाही. शाळेत चौकशी झाली. दहा वाजता आलेल्या मुलीला परत वर्गात पाठवलंच कसं? प्रिन्सिपलचा मला फोन आला, मी तेच उत्तर दिलं. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "ताईंचं वय झालं यार, लक्ष नसतं हल्ली." मी त्यावर अंगठा दिला. जूनमध्ये कुमुदताईंनी नोकरी सोडली. निरोपाचं कार्ड फिरलं, त्यावर "वुई विल मिस यू" असं सुबक अक्षरात लिहिणारी मीच. पुढची पाच वर्षं त्या दुकानात लांबून दिसल्या तरी मी ट्रॉली दुसरीकडे वळवायचे.

शोकसभेत मी चार मिनिटं बोलले. त्यांची शिस्त, त्यांची माया... छान बोललीस, असं चौघींनी सांगितलं. परतताना गाडीत ईशा, आता बारा वर्षांची, खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मम्मा, शी न्यू."

"कोण? काय?"

"कुमुद आजी. मेडिसिनचं मी सांगितलं होतं तिला. ताप आल्यावर, बिफोर यू केम."

मी गाडी बाजूला घेतली. मी "नाही" म्हणाले तेव्हा त्या खोलीत ईशा आणि कुमुदताई, दोघींनाही खरं माहीत होतं. कुमुदताई एक वाक्य बोलल्या असत्या तर त्यांची नोकरी राहिली असती, नाव राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. उत्तरं लगेच आली. "जाऊ दे गं, आपण सगळ्याच करतो." "टेक केअर, स्वतःला त्रास करून घेऊ नकोस." इतक्या स्वस्तात सुटका मला नको होती. मी उठून कुमुदताईंच्या घरी गेले.

त्यांच्या यजमानांनी, अरविंदकाकांनी, दार उघडलं. मी चपला काढता काढताच बोलायला लागले, तर त्यांनी थांबवलं. "आधी हात धुऊन ये. हिच्या घरात त्याशिवाय बसता येत नाही." सिंकशेजारी छोटे नॅपकिन घडी घालून ठेवले होते, प्रत्येक पाहुण्याला वेगळा. कुमुदताईंच्या मागेही काकांनी ती पद्धत मोडली नव्हती. मी हात धुतले, समोर बसले आणि सांगितलं.

काका म्हणाले, "मी तेव्हाच तिला म्हटलं होतं, प्रिन्सिपलला सांगून टाक. तर म्हणाली, मग त्या पोरीला बोलावून विचारतील. सात वर्षांच्या लेकराला आईविरुद्ध बोलायला लावू का?"

"काका... माझ्यावर रागावल्या होत्या?"

"हो," ते म्हणाले. "खूप. शेवटपर्यंत."

एवढ्या दिवसांत मला कुणी दिलेलं ते पहिलं खरं उत्तर होतं. मी उठले. ओला नॅपकिन अजून माझ्या मुठीतच होता. कुठे ठेवावा कळेना, म्हणून मी तो सिंकशेजारच्या स्वच्छ घड्यांवर ठेवायला गेले.

"तिथे नको," काका म्हणाले आणि खालच्या टोपलीकडे बोट दाखवलं. "तुझा तू वेगळा टाक. दुसऱ्या कुणाला लागायला नको."