दोन बाटल्या दूध

मला लग्नाआधीपासून फिट येतात, रोजची गोळी असते. वडनेर भोलजीला, सासरी, मला मुलगी झाली, तेव्हा सासूबाईंनी तिला माझ्या कुशीतून उचललं. "तुह्या दुधात गोळी उतरते. लेकराले बाधन," म्हणाल्या, आणि तिला थोरल्या जावेच्या मांडीवर दिलं. जावेला तीन महिन्यांचा मुलगा होता, दूध भरपूर.

मी मोरीत जाऊन दूध पिळून टाकायचे. बाहेर माझी लेक जावेच्या पदराखाली चुटूचुटू प्यायची. जाऊ मायाळू होती, त्याचाच जास्त राग यायचा.

आठवड्यानं जावेची दाढ सुजली. मेडिकलवाल्यानं दिलेली गोळी ती तीन दिवस घेत होती. मी सासूबाईंदेखत म्हणाले, "बाई, तुमची गोळीबी दुधात उतरतच असन की."

ती घाबरली. दिवसभर तिनं दोघांनाही पाजायला घेतलं नाही. वाटी-चमच्यानं पाजलेलं वरचं दूध दोन्ही लेकरं थुंकत होती, रडत होती. त्यात माझीही होती, तरी मला बरं वाटत होतं. संध्याकाळी जाऊ म्हणाली, "उद्या तपासून घेऊ. तुहंबी, माहंबी."

दोन छोट्या बाटल्यांत दूध आणि दोन्ही लेकरं घेऊन आम्ही खामगावला गेलो. लॅबवाला म्हणाला, अशी तपासणी इथं होत नाही. त्यानं लेकरांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं.

त्यांनी बाटल्या बाजूला ठेवल्या. "दूध राहू द्या, गोळ्यांची पाकिटं दाखवा." माझं पाकीट वाचून म्हणाल्या, "पाजा तुम्ही. गोळी मनानं बंद करू नका. बाळ फार झोपाळलं, नीट ओढेनासं झालं तर लगेच आणा. वजन करत राहू." जावेच्या पाकिटावर मात्र त्या थांबल्या. त्या गोळीत गुंगीचं औषध होतं. लेकराचा श्वासही त्यानं मंदावू शकतो म्हणे.

मला आनंद झाला. मग आठवलं, ते दूध माझ्या लेकीच्याही पोटात गेलं होतं. मी लेकीला त्यांच्यापुढे धरलं. डॉक्टरीणबाईंनी दोघांना तपासलं. दोघं ठीक होती. जावेची गोळी बदलून दिली.

घरी जावेनंच सासूबाईंना सगळं सांगून लेक माझ्या मांडीवर दिली. पण माझं दूध आटत आलं होतं. पाजताना लेकीला कसं धरायचं ते जाऊच मागं बसून दाखवायची. पण तिचा आवाज ऐकला की लेक मला सोडून तिकडे वळायची. मग जाऊ मुकाट्यानं उठून जायची, आणि मला त्याचाही राग यायचा.

दीड महिन्यानं लेक माझ्याकडे नीट प्यायला लागली. आता ती चार वर्षांची आहे. 'मोठी आई' म्हणत जावेला बिलगली की मी काहीतरी काम काढून लेकीला हाक मारते.