राखीव खेळाडूचा फ्लेक्स

माझा ओमानचा व्हिसा कबड्डीवर निघाला. कागदावर मी रुसैलमधल्या एका गोदामात मदतनीस होतो, पण कंपनीने मला आणलं होतं ते तिच्या संघात खेळायला. रायगडमधल्या आमच्या गावातून कबड्डीच्या जोरावर परदेशात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे बाबांनी ही बातमी ज्याला ऐकायची होती त्यालाही सांगितली आणि ज्याला नव्हती त्यालाही. इथे येऊन पहिल्या सरावाला उभा राहिलो तेव्हा कळलं, की माझ्या जागेवर एक माणूस आधीच आहे आणि तो कुठेही जाणार नाहीये.

माझी जागा म्हणजे डावा कव्हर. चढाई करणारा आत आला की कोपऱ्यातला गडी त्याचा घोटा धरतो आणि टाळ्याही त्यालाच पडतात. कव्हरचं काम एवढंच, की घोटा धरला गेला रे गेला की पुढे व्हायचं आणि चढाईपटूची परतीची वाट अंगाने अडवायची. उशीर झाला तर तो निसटतो. घाई केली, कोपऱ्यातल्याच्या आधीच झेपावलात, तर तो तुम्हाला शिवून हसत परत जातो. मला घाईची खोड होती. गावाकडे ती खपून जायची, कारण माझ्या अंगात रग होती आणि समोरचेही माझ्यासारखेच असायचे.

त्या जागेवरचा माणूस रत्नागिरीकडचा होता, चाळिशीला टेकलेला, दाढीत पांढरे केस. संघात सगळे त्याला चाचा म्हणत. पहिल्याच आठवड्यात त्याने मला खोलीवर बोलावून बांगड्याचं कालवण आणि भात खाऊ घातला. मला ते आवडलं नाही. म्हणजे कालवण आवडलं, त्याचं चांगलं वागणं आवडलं नाही. ज्याची जागा घ्यायची तो माणूस वाईट असता तर माझी मोठी सोय झाली असती.

हंगामातली पहिली स्पर्धा आम्ही जिंकली. मी मॅटवर पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं. बक्षीस समारंभानंतर कप हातोहात फिरत होता. तो माझ्याकडे आला तेव्हा कोणीतरी म्हणालं, "धर नीट, काढतो फोटो." मी तो फोटो घरी पाठवला आणि खाली लिहिलं, 'आमची टीम जिंकली.' यात खोटं काहीच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात गोदामात जेवणाच्या सुट्टीत फोन एकसारखा वाजायला लागला. संघाच्या ग्रुपवर एक फोटो आला होता. आमच्या गावचा नाका, दोन बांबू आणि त्यावर ताणलेला भलामोठा फ्लेक्स. मधोमध मी, हातात कप. माझ्यामागे वाळवंट, दोन उंट आणि, का कोण जाणे, एक विमान. वर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं, 'आखात गाजवणारा गावचा ढाण्या वाघ'. खाली शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे, त्यात शेवटच्या रांगेत बाबा. रेशनकार्डासाठी काढलेला जुनाच फोटो, टोपी घातलेला आणि जरा घाबरल्यासारखा. आमच्या एका खेळाडूचा मावसभाऊ शेजारच्या गावात राहतो, त्याने हे सगळं स्टेटसला ठेवलं होतं. तिथून ते समुद्र ओलांडून रुसैलला पोहोचायला काय वेळ लागतो?

माझी कानशिलं तापली. डब्यातली पोळी तशीच राहिली. संध्याकाळी सरावाला गेलो तर एकजण ओरडला, "यल्ला, चला रे, वाघ आला, पिंजरा उघडा!" दुसऱ्याने विचारलं, "वाघोबा, पाण्याच्या बाटल्या भरल्या का?" बाटल्या भरणं हे राखीव खेळाडूंचंच काम, त्यामुळे मी गेलो आणि मुकाट्याने भरल्या. चाचा नंतर जवळ आला आणि म्हणाला, "फोटो मस्त आलाय रे. घरचे खूश झाले असतील." टिंगल करणाऱ्यांचा मला नुसता राग आला होता, पण याच्यासमोर मान वर होईना.

फ्लेक्स काढायला सांगायचा असं ठरवून मी बाबांना फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच सुरुवात केली.

"बघितलास ना? अरे, शिडी मीच धरलेली. आणि ऐक, पुढच्या शुक्रवारची तुमची म्याच यूट्यूबला लाइव्ह हाय ना? मंडळ देवळासमोर पडदा लावतंय. खुर्च्यापण सांगितल्यात."

"बाबा..."

"बोल की."

"पाऊस आहे का तिकडे?"

"आता कसला आलाय पाऊस?" बाबा म्हणाले आणि खुर्च्या कोणाकडून आणणार ते सांगत बसले.

आता एकच मार्ग उरला होता. शुक्रवारच्या आत पहिल्या सातात शिरायचं. मी जीव तोडून सराव केला, आणि नेमकं तेच नडलं. मॅटवर उभा राहिलो की डोळ्यांपुढे तो पडदा यायचा, त्या खुर्च्या यायच्या, आणि कोपऱ्यातल्याचा हात घोट्याला लागायच्या आधीच माझं अंग सुटायचं. चढाईपटू मला शिवून जायचा आणि कोच डोक्याला हात लावायचे. ते मुंबईचे जुने खेळाडू, तोंडाने फटकळ. "अरे, कुणाला दाखवायची घाई झालीय तुला?" त्यांनी एकदा सगळ्यांदेखत विचारलं. मला उत्तर माहीत होतं, पण ते कसं देणार! शेजारी उभा असलेला चाचा हळूच म्हणायचा, "थांब. त्याचा हात बघ, मग जा." मला वाटायचं, याला काय जातंय थांब म्हणायला.

गुरुवारी कोचनी सात नावं वाचली. डाव्या कव्हरला चाचाच. मी बाथरूमला जातो असं सांगून निघालो आणि नळ सोडून बराच वेळ तिथेच उभा राहिलो. घरी फोन करायची हिंमत मात्र झाली नाही.

सामना अल हैलला होता, मोकळ्या मैदानावर मॅट अंथरून. बायकापोरांना घेऊन माणसं आली होती, वडापावचा स्टॉल लागला होता. आयोजकांनी कॅमेरा उभा केला होता तो नेमका आमच्या राखीव खेळाडूंच्या बाकाशेजारी. मॅटवर घाम सांडला की पंच हात करायचे आणि राखीव खेळाडूने फडकं घेऊन धावायचं, असा रिवाज. त्या दिवशी फडकं माझ्याकडे होतं. मी गुडघ्यांवर बसून मॅट पुसत होतो आणि चेहरा कॅमेऱ्याकडे येऊ नये म्हणून अवघडून वळत होतो. पण एवढा आडवा देह लपवणार कुठे? पाठीवर मोठ्या अक्षरांत माझं आडनाव होतंच.

उत्तरार्धात एका पकडीत चाचा खाली पडला आणि गुडघा धरून तसाच पडून राहिला. आता जे सांगतोय ते सांगताना आजही जीभ अडखळते. मला आनंद झाला. साधासुधा नाही, पोटातून उसळी मारून आला. कोचनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, तेवढ्यावर मी उठलो, ट्रॅकसूटचं जॅकेट काढून भिरकावलं, दंड थोपटला आणि मॅटच्या रेषेपर्यंत पोहोचलोसुद्धा. तोवर चाचाने हात वर करून ठीक आहे अशी खूण केली होती आणि तो उठून उभाही राहिला होता. "बस रे खाली," कोच म्हणाले. प्रेक्षकांतून कोणीतरी फिस्सकन हसलं. मी वळलो तर समोर कॅमेरा. जॅकेट त्याच्याच पायाशी पडलं होतं. ते उचलायला मला त्याच्यापुढे वाकावं लागलं.

सामना आम्ही जिंकलो. चाचाची शेवटची अडवणूक अशी होती, की मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. सगळे बसमध्ये बसल्यावर मी मैदानाच्या कडेला जाऊन घरी फोन लावला.

"अरे, काय सांगू तुला," बाबा म्हणाले. "नेटच गेला. सुरुवातीलाच गेला. पडदा नुसता निळा. लोक बसले, बसले आणि उठून गेले. कुणी कायच बघितला नाय. जिंकलात ना?"

"जिंकलो," मी म्हणालो.

"मग झाला तर. जेव नीट."

मी त्या टॉवरला, त्या नेटला मनातल्या मनात दंडवत घातला. बसमध्ये सगळ्यांच्या वरताण आवाजात गाणी म्हटली आणि कॅम्पवर दोन ताटं बिर्याणी खाल्ली. चाचाने गुडघ्याला बर्फ मागितला तर तो मी पळत जाऊन आणला. त्याच्या पडण्याचा मला आनंद झाला होता, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि गावालाही काही ठाऊक नव्हतं. सुटलो असं वाटलं.

नंतर एका शुक्रवारी सकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. गाय व्याली होती. वासरू दाखवायला ते फोन घेऊन गोठ्यात गेले. बाबांच्या हातात फोन म्हणजे कधी त्यांचा कान दिसतो, कधी जमीन. वासराजवळ वाकताना फोन उताणा झाला आणि मला गोठ्याचं छप्पर दिसलं. पत्र्याखाली फ्लेक्स ताणून बांधला होता. छापलेली बाजू आतून. दोन उंट, विमानाचा अर्धा पंख, कप आणि मी. कोपऱ्यात टोपी घातलेले, घाबरलेले बाबा.

नाक्यावरचा फ्लेक्स एवढ्यात कोणी काढत नाही. आमच्या नाक्यावर गेल्या वर्षीच्या वाढदिवसांचे फ्लेक्स अजून लटकताहेत. हा काढला होता, आणि गावाकडे तोंड असणार नाही असा लावला होता. म्हणजे नेट गेलं नव्हतं. लोक बसले होते, पडदा सुरू होता, त्यांनी मला मॅट पुसताना पाहिलं होतं, दंड थोपटताना पाहिलं होतं आणि जॅकेट उचलताना पाहिलं होतं. त्या सगळ्यांच्या मधे, सांगून आणलेल्या कुठल्यातरी खुर्चीवर बाबा बसले होते. मग पुन्हा शिडी लावावी लागली असेल, आणि या वेळी ती धरायला कोण आलं असेल कुणास ठाऊक.

बाबांच्या ते लक्षात आलं. फोन झटकन खाली वळला. फोनमधून गाईचा श्वास ऐकू येत होता.

"वरून ऊन लागतं रे वासराला," बाबा म्हणाले. "म्हणून बांधलाय."

लाजेने माझा चेहरा पेटला होता. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत तो मला दिसत होता, म्हणजे त्यांनाही दिसत असणार.

"बरं केलंत," मी म्हणालो. "पाडा आहे की पाडी?"