ओटा सुनेचा, शिक्का बाजाराचा

गंगुबाईला अध्यक्ष व्हायचं होतं, आणि ही गोष्ट तिने कधी कुणापासून लपवली नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणं तिच्या रक्तातच नव्हतं. भोईवाड्याच्या अलीकडे जो जुना मासळीबाजार आहे, त्यात सत्तेचाळीस ओटे, प्रत्येक ओट्यावर एक बाई, आणि त्या सत्तेचाळीस बायांची मिळून एक संस्था. दर पाच वर्षांनी अध्यक्ष निवडायचा. गंगुबाई दोनदा उभी राहिली आणि दोनदा पडली. दोन्ही वेळा तिला पाडलं ते तिच्या शेजारच्याच ओट्यावर बसणाऱ्या शांतीने.

दुसऱ्या वेळी तर फक्त तीन मतांनी. पंचवीस विरुद्ध बावीस. दुसऱ्या दिवशी सकाळी एका गिऱ्हाइकाने मुद्दाम खोड काढली, पडलीस ना गं म्हणून. गंगुबाईने पापलेटाचे तुकडे करता करता सांगितलं की ओल्या बोंबलापेक्षा वाळलेल्याला भाव जास्त मिळतो, मी अजून वाळतेय. बाजूला शांती हसून हसून बेजार झाली.

गंगुबाईचं वय सहासष्ट. राहायला माझगावात. अडतीस वर्षं झाली, पहाटे भाऊच्या धक्क्यावर जाऊन लिलावात माल उचलायचा आणि सातच्या आत ओट्यावर बसायचं, हा नेम तिने नवरा शिवा गेल्यावरही मोडला नाही. आवाज असा की बर्फवाला गेटातूनच तिच्या ओट्याकडे वळायचा. शांती तिच्या उलट. हळू बोलायची, पण कागद नीट वाचायची. महापालिकेत जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, तेव्हा नळाला पाणी नाही आणि गटार तुंबलंय हे सांगायला बाजाराला कुणी वालीच उरला नव्हता. त्या दिवसांत शांती दहा बायांना घेऊन ऑफिसात जाऊन बसायची. त्या दहांत गंगुबाई पहिली. शांती मुद्दा मांडायची आणि गंगुबाई तो खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल याची काळजी घ्यायची. भांडण निवडणुकीपुरतं, बाकी एका पानात जेवण.

होळीनंतर शांती चार दिवसांच्या तापात गेली. मुदतीची अडीच वर्षं शिल्लक होती.

आता बाजाराची एक रीत आहे. ओटा सासूकडून सुनेकडे जातो. गंगुबाईचा ओटाही तिच्या सासूचाच. सून पहिल्यांदा ओट्यावर बसते त्या दिवशी शेजारची बाई तिला कुंकू लावते आणि सासूचा कोयता तिच्या हातात देते. तो हातात आला की सून बाजाराची झाली. शांतीची सून मेघना रे रोडला एका लाकडाच्या वखारीत कम्प्युटरवर बिलं करायची. नोकरी सोडून ती ओट्यावर बसली, तेव्हा कोयता द्यायचा मान शेजारीण म्हणून गंगुबाईचा होता.

शांतीची पत्र्याची पेटी उघडली. आत कुंकवाचा करंडा, कोयता, आणि त्याच्याच बाजूला संस्थेचा रबरी शिक्का. गंगुबाईने कुंकू लावलं, कोयता दिला, आणि पेटीत तो शिक्का बघून तिला एकदम भडभडून आलं. शांती बावीस वर्षं तिची शेजारीण होती. डोळ्यांना धार लागलेली असतानाच तिने शिक्का उचलून मेघनाच्या दुसऱ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "हे पण तुझंच. सासूचं सगळंच तुझं." आजूबाजूच्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. एकीलाही वाटलं नाही की यात काही चुकतंय. ओटा जातो तसा शिक्काही गेला, एवढंच.

ही चूक कुणा शहाण्यासुरत्या माणसाने केली नसती. पण ज्या बाजारात जागा, गिऱ्हाईक, उधारी आणि भांडणंसुद्धा सासूकडून सुनेकडे जातात, तिथे अध्यक्षपद तेवढं वाटेत थांबेल हे कुणाच्या डोक्यात यायचं?

तीन आठवड्यांनी बाजार नव्याने बांधणाऱ्या कंत्राटदाराचा माणूस नकाशा घेऊन आला. त्याने मेघनाला ताई म्हणत गोड बोलून समजावलं की खाली गाड्यांची जागा आणि दुकानं, आणि मासळीबाजार पहिल्या मजल्यावर. हवा खेळती राहील, फरशी चकचकीत असेल. संस्थेची संमती म्हणून फक्त एक शिक्का हवा होता. मेघना वाईट मुलगी नव्हती. सासूबाईंनी सगळं आधीच ठरवलं असेल, उरला असेल तो शिक्का, असं तिला वाटलं. तिने पेटी उघडली.

गंगुबाई सुरमईच्या तुकड्या पाडत होती. पहिला मजला हे शब्द कानावर पडले आणि कोयता पाटावर तसाच राहिला. जिने चढून मासळी घ्यायला कोण येणार होतं? तिची निम्मी गिऱ्हाइकं गुडघ्याला तेल चोळून घराबाहेर पडणारी. वर ओला जिना, त्यावर खवलं. तिने उठून मेघनाचं मनगट धरलं.

"कोणाला विचारलंस गो हे?"

मेघनाने वर बघितलं. रागाने नाही, खरंच कळत नसल्यासारखं. "मावशी, कोणाला विचारायचं असतं ते मला कुणी सांगितलंच नाही. शिक्का तर तुम्हीच दिलात."

गंगुबाईने तिचं मनगट सोडलं. शिक्का न घेताच कंत्राटदाराचा माणूस पुढच्या आठवड्यात येतो म्हणून गेला. ती ओट्यावर परत बसली आणि दिवसभर आतल्या आत जळत राहिली. पोरीने कुणाला विचारलं नव्हतं, कारण पोरीला कुणी निवडलंच नव्हतं. शांती कुठल्याही कागदावर शिक्का मारण्याआधी सत्तेचाळीस ओट्यांवरून फिरायची, कारण त्या सत्तेचाळीस जणींकडे तिला पुन्हा मतं मागायला जायचं होतं. मेघनाला कुणाकडेच जायचं नव्हतं. आणि हे सगळं कुणी केलं, तर शहाण्या गंगुबाईने.

दुसऱ्या दिवशी तिने बाजारभर सांगितलं की शिक्का देण्यात माझी चूक झाली, अध्यक्ष पुन्हा निवडा. झालं. रुपाली नावाची एक तरुण कोळीण होती, शांतीच्या गटातली, जिभेला हाड नसलेली. ती सगळ्यांसमोर म्हणाली की तीन आठवडे पोरीच्या कौतुकाचे, आणि आता खुर्चीची आठवण. निवडणुकीने मिळाली नाही ती खुर्ची म्हातारी मागच्या दाराने मिळवू बघतेय. तीन-चार जणींनी माना डोलावल्या. गंगुबाईला ते फार लागलं. खुर्ची हवी होती हे खरंच होतं, म्हणून तर जास्त लागलं.

संस्थेचं लिहिणंवाचणं भोईवाड्यातले तुळशीदास बघायचे. गिरणीतून निवृत्त झालेले कारकून, मूळचे मालवणकडचे, बाजारात सगळ्यांचे भाऊ. सोमवारी दुपारी, मासळीला उठाव नसतो अशा वेळी, त्यांनी सगळ्यांना ओट्यांमधल्या मोकळ्या जागेत बसवलं आणि नियमांचं पुस्तक काढलं. पुस्तकात एवढंच होतं की पद रिकामं झालं तर संस्थेने ते उरलेल्या मुदतीसाठी भरावं. कसं भरावं, यावर पुस्तक गप्प.

मग प्रत्येकीचं डोकं चाललं. एकीचं म्हणणं, घरातलं माणूस आहे तर बाहेर कशाला शोधा, मोठमोठ्या निवडणुकीतही नवरा गेला की बायकोला तिकीट देतात आणि समोर कुणी उभं राहत नाही. दुसरी म्हणाली, कमिटीच्या सहा जणी आहेत, त्यांनी बसून नाव ठरवावं. तिसरीला अडीच वर्षं तशीच ढकलायची होती. नगरसेवक नसताना नाही का चाललं, असं ती म्हणाली, आणि मग तुंबलेल्या गटाराची आठवण होऊन स्वतःच गप्प बसली.

तुळशीदासांनी चष्मा पुसला. त्यांच्याकडे एक तोड होती, आणि ती त्यांनी बराच विचार करून काढली होती. मागच्या निवडणुकीत दुसऱ्या नंबरावर जी होती तिला पद द्यायचं. खर्च नाही, त्रास नाही, आणि तिलाही बावीस मतं पडलेलीच आहेत. "म्हणजे गंगुबाई," ते म्हणाले. "हात वर करा, आजच शिक्का देतो. वायच सोपा होईल सगळा."

रुपालीनेसुद्धा हरकत घेतली नाही. तीन मतांचाच तर फरक होता, आणि पहिल्या मजल्याची भीती आता सगळ्यांच्या पोटात शिरली होती. तिच्याइतकं भांडणारं कुणी नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. एक हात वर आला, दुसरा आला, मग बघता बघता पंधरा-वीस झाले. गंगुबाईने ते हात बघितले. वीस वर्षं तिला हेच हवं होतं. आता नुसतं गप्प बसायचं होतं, बस.

गप्प बसणं तिला कधीच जमलं नव्हतं.

"हात खाली घ्या," ती उठून म्हणाली. "त्या दिवशी बावीस जणी मला हो म्हणाल्या, पण पंचवीस जणी नाय म्हणाल्या. शांती मेली म्हणून त्या पंचवीस जणींची नाय ही हो होत नाय. दुसरा नंबर म्हणजे जिला बाजाराने घरी बसवली ती. मला खुर्ची हवी, आजपण हवी. पण आयत्या बिळावर नागोबा होऊन मी बसणार नाय. मला द्यायची तर मत टाकून द्या."

मग ती मेघनाकडे वळली. "आणि तू पण उभी राहा. तुझा हक्क ओट्यावर आहे. शिक्क्यावर हवा असेल तर माझ्यासारखीच दारोदार फिर."

मतदान मे महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी ठरलं. तोवर मेघनाकडचा शिक्का तुळशीदासांच्या कपाटात, आणि कंत्राटदाराच्या माणसाला सांगितलं, अध्यक्ष नाही, नंतर या. त्या तीन आठवड्यांत गंगुबाईने आपलं नेहमीचं केलं, म्हणजे ओट्यावर बसून ओरडली. तिला वाटायचं, मला कोण ओळखत नाही? मेघना मात्र रोज दुपारी एकेका ओट्यावर जाऊन बसायची. कुणाच्या ओट्याला उतार नाही, कुणाला बर्फ शेवटी मिळतो, कुणाच्या पाठीला नळाचं पाणी गळतं, सगळं वहीत लिहायची. पहिल्या मजल्याबद्दल तिने सत्तेचाळीस जणींना विचारलं. अगदी गंगुबाईलाही.

"पण मी तुझ्याविरुद्ध उभी आहे, कळतंय ना?" गंगुबाईने विचारलं.

"पण तुम्ही बाजारातल्या आहात ना," मेघना म्हणाली आणि पेन काढलं. गंगुबाईने तिला पुरा अर्धा तास सांगितलं. सांगून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण आपल्याच प्रतिस्पर्ध्याला अख्खी शिकवणी दिली. मनात स्वतःला एक शिवी हासडली, पण गटाराच्या उताराचं राहिलं होतं म्हणून पोरीला परत हाक मारून तेही सांगितलं.

या बाजारात मत कागदावर पडत नाही. जुन्या बायांना वाचता येत नसे, तेव्हापासून जेवणातल्या तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्यांनी मतदान चालतं. गोणपाटाच्या पडद्याआड दोन टोपल्या ठेवतात, एकीला लाल चिंधी, एकीला निळी, आणि आवाजावरून काही कळू नये म्हणून तळाला ओलं फडकं. प्रत्येकीला एक शिंपली. लाल टोपली गंगुबाईची, निळी मेघनाची. एकेक जण आत जाऊन नुसते हात धुऊन आल्यासारखा चेहरा करून बाहेर येत होती. गंगुबाईने आपली शिंपली लाल टोपलीत टाकली, उगाच मोठेपणा केला नाही.

तुळशीदासांनी सगळ्यांसमोर शिंपल्या पाटावर मोजल्या. निळ्या टोपलीत सत्तावीस. लालमध्ये वीस.

मागच्यापेक्षाही दोन कमी. गंगुबाईला रडू येत होतं आणि ते तिने लपवलंही नाही, पदराने डोळे पुसले, नाक पुसलं. त्या सोमवारी नुसती गप्प बसली असती तर आज शिक्का तिच्या पेटीत असता. हे तिला ठाऊक होतं, बाजाराला ठाऊक होतं. रुपाली तिच्याकडे बघू शकत नव्हती.

तुळशीदासांनी शिक्का काढला आणि तो कुणी द्यायचा म्हणून घुटमळले. गंगुबाईने हात पुढे केला.

"शेजारीण मी आहे," ती म्हणाली.

तिने शिक्का मेघनाच्या हातात ठेवला. त्याच हाताने, त्याच हातात, दुसऱ्यांदा. या वेळी मेघनाच्या डोळ्यांत पाणी होतं. ती वाकून पाया पडली आणि म्हणाली की उद्या कंत्राटदाराच्या माणसाला बाजार तळमजल्यावरच हवा हे सांगायला जायचंय, सगळ्या सत्तेचाळीस जणींचं लिहून घेतलंय, पण माझा आवाज लहान आहे.

"माझा आहे ना," गंगुबाई म्हणाली. "किती वाजता निघायचं ते बोल. आणि नीट काम कर. अडीच वर्षांनी मी परत उभी राहणार आहे, आणि तेव्हा वही घेऊन फिरणार आहे."